बाईच्या चपलेत विंचू

ही गोष्ट २०२२ सालची. कोरोना सरला होता आणि लोकांनी लग्नांत पुन्हा हजार-हजार पानं उठवायला सुरुवात केली होती, ते साल. दोन वर्षं घरात कोंडून घेतल्यावर माणसं जरा शहाणी होतील असं ज्यांना वाटलं होतं, त्यांची त्या साली चांगलीच जिरली. मंगळवार पेठेतल्या चिमणाबाईंना तसं कधी वाटलंच नव्हतं, त्यामुळे त्यांची जिरायचा प्रश्न नव्हता. त्यांचं जे व्हायचं ते चैत्रातल्या एका बुधवारी झालं, भर दुपारी.

चिमणाबाई तेव्हा एकाहत्तर वर्षांच्या होत्या. माहेर शाहूवाडीकडचं, डोंगरातलं, भाताचं. सासर कोल्हापूर शहरातलं, म्हशींचं आणि बढाईचं. नवरा हंबीरराव जाऊन तेरा वर्षं झाली होती. म्हशी त्याच्या आधीच गेल्या होत्या. बढाई तेवढी घरात राहिली होती. दर बुधवारी चिमणाबाई केएमटीच्या बसनं एकट्या उचगावला जायच्या. तिथं त्यांची थोरली बहीण होती, आक्का. काचबिंदूनं आक्काचे दोन्ही डोळे गेले होते. चिमणाबाई तिच्या डोक्याला तेल लावायच्या, आणि दोघी मिळून माहेरच्या मेलेल्या माणसांना नावं ठेवायच्या. जिवंतांसाठी आठवड्याचे बाकीचे सहा दिवस होतेच.

त्या बुधवारी परत येताना त्या बसमधून उतरल्या, उजव्या पायातली चप्पल पायरीवरच राहिली आणि बस निघून गेली. चिमणाबाईंना पत्ता नाही. एका पायात चप्पल आणि एक पाय डांबरावर अशा त्या वीस मिनिटं चालल्या. महाद्वार रोडला एका नारळवालीनं त्यांना हात जोडले. तिला वाटलं, म्हातारीचा नवस असेल. अनवाणी चालायचा नवस सगळ्यांना ठाऊक आहे. एका पायाचा नवस कुणी ऐकला होता? पण हात जोडायचे म्हटले की लोक चौकशी करत बसत नाहीत. चिमणाबाईंनीही ओळखीची असेल समजून मान हलवली.

गल्लीच्या तोंडाला तालमीच्या कट्ट्यावर त्यांचे धाकटे दीर आकाराम बसले होते. पांढराशुभ्र सदरा, कुणी बघत असल्यासारखी ताठ मान, आणि पायात कापशीची करकर वाजणारी चप्पल. आयुष्यात त्यांनी काय केलं असं विचारलं तर ही चप्पल वाजवली, एवढंच सांगता आलं असतं.

"वैनी," आकाराम चारजणांना ऐकू जाईल असं म्हणाले, "एक पाय देवाला न् एक पाय घरच्यास्नी, असं हाय काय?"

चिमणाबाईंनी खाली बघितलं, तेव्हा त्यांना कळलं.

घरी सून क्रांतीनं त्यांचा पाय उचलून बघितला, तर तळव्याला पाण्यानं टरारलेले दोन मोठे फोड. डांबर किती तापलं होतं याची साक्ष तेच देत होते. क्रांती बँकेत नोकरीला, घाईची बाई. पण ती त्या दिवशी पाय हातात धरून बराच वेळ बसून राहिली. तिनं विचारलं, हे भाजताना कळलं कसं नाही? चिमणाबाईंना वाटलं होतं, आज ऊन कमी आहे.

खरं तर हे दोन वर्षांपासूनचं होतं. साखर चौदा वर्षं अंगात होती. आधी बोटांना मुंग्या आल्या, मग तळव्याला आग, मग एक दिवस आग थांबली आणि चिमणाबाई खूश झाल्या. पायाखाली सतत कुणीतरी कापूस पसरून ठेवलाय असं वाटायचं. जिना चढताना पाय पायरीवर टेकला की अजून हवेत आहे, ते बघितल्याशिवाय समजायचं नाही. त्यांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मुलानं उचगाव बंद केलं असतं. तेवढं एक सोडलं तर त्यांच्या आयुष्यात बंद होण्यासारखं काही उरलं नव्हतं.

एके काळी हे पाय भारी हुशार होते. रोपलावणीच्या चिखलात उभं राहिलं की वरचं पाणी उन्हानं कोमट आणि घोट्याखालचा गाळ गार, हे दोन्ही एकदम कळायचं. आक्का आणि त्या एका ओळीत लावण करायच्या आणि जळू कुठल्या बोटाला लागली हे न बघता सांगायच्या. ते पाय आता दुसऱ्या कुणाचे तरी असल्यासारखे अंगाला लटकत होते.

डॉक्टरीणबाई तरुण आणि शांत होत्या. त्यांनी चिमणाबाईंना डोळे मिटायला लावले आणि नायलॉनचा एक दोरा पायाला टेकवत विचारत राहिल्या, आता लागतंय का? चिमणाबाई दर वेळी बरोबर 'व्हय' म्हणाल्या. मुलगा विश्वजित शेजारी उभा होता, त्याची छाती फुगली. डॉक्टरीणबाईंनी मात्र थोडं थांबून आपल्या हातातलं कडं काढून टेबलावर ठेवलं आणि पुन्हा सुरुवात केली. आता चिमणाबाईंना एकदाही सांगता आलं नाही. इतका वेळ त्या कड्याच्या आवाजावर उत्तरं देत होत्या.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी सांगितलं, पायाच्या नसा मेल्यात, याला न्यूरोपथी म्हणतात, आणि आता पायांची राखण डोळ्यांनी आणि हातांनी करायची. रोज आरसा धरून तळवे बघायचे. घरातही अनवाणी फिरायचं नाही. पादत्राण घालण्याआधी आत हात फिरवायचा. नवीन घेताना संध्याकाळी घ्यायचं, कारण पाय दिवसभरात सुजतो, आणि ते पायाला विचारून घ्यायचं नाही, मापून घ्यायचं. हे सगळं त्यांनी एका कागदावर लिहूनही दिलं. विश्वजितनं तो कागद अत्यंत आदरानं घडी घालून गाडीच्या खणात ठेवला, आणि तो तिथंच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला, दुकानाचं शटर वर जाताजाता, विश्वजित आईला घेऊन राजारामपुरीतल्या एका मोठ्या शोरूममध्ये हजर. पाय सुजायच्या आत. ज्यांचं सगळं काम सकाळी दहाला उरकायचं असतं, त्यांतला तो.

आता एक सांगायला हवं. कोल्हापुरात चपलेची परीक्षा एकच असते: चावते का? नवी चप्पल चावायचीच. तिला तेल पाजायचं, चार दिवस तिचं चावणं सोसायचं, आणि मग ती पायाला ओळखायला लागते. इथला माणूस दुकानात शिरला की दुकानदार दुसरं काही विचारत नाही आणि गिऱ्हाईक दुसरं काही सांगत नाही. पिढ्यान्‌पिढ्या हा एकच प्रश्न चालत आलाय, आणि त्यानं आजवर कुणाचं वाकडं झालं नव्हतं, कारण आजवर ज्यांना विचारलं त्यांचे पाय जिवंत होते.

शोरूममधल्या विक्रेत्यानं बंद बूट आणले. जाड तळाचे, करड्या रंगाचे, 'डायबेटिक' असं खोक्यावर छापलेले. त्यानं ते चिमणाबाईंच्या पायात चढवले, नाड्या आवळल्या आणि विचारलं, आज्जी, चावतंय काय?

चिमणाबाई म्हणाल्या, न्हाय.

खोटं नव्हतं ते. पण त्याच वेळी त्यांना आतून ठाऊक होतं की या पायाला साप चावला तरी तो 'न्हाय' म्हणेल. तरी त्या बोलल्या नाहीत. मुलगा हौसेनं आला होता, विक्रेता गुडघे टेकून बसला होता, आणि मला काही कळत नाही असं चार माणसांत सांगायची त्यांना लाज वाटली. पुढं ज्याला-त्याला त्यांनी मूर्ख म्हटलं, त्या यादीत पहिलं नाव त्यांनी स्वतःचं धरलं होतं, एवढं त्यांच्या बाजूनं सांगायला हवं.

पहिल्याच जोडात काम झालं म्हणून विश्वजित खूश. त्यानं आईचा बुटासकट फोटो काढून भावकीच्या ग्रुपवर टाकला. त्याखाली पस्तीस जणांनी हात जोडले. हात जोडायला काय लागतं?

पाचव्या दिवशी क्रांतीला तुळशीपासून स्वयंपाकघरापर्यंत फरशीवर लाल ठिपके दिसले. तिला वाटलं, पूजेचं कुंकू सांडलंय. तिनं ते पुसलं आणि कामवालीवर चार शब्द काढले. दुपारी पुन्हा तेच ठिपके. मग ती ठिपक्यांच्या मागं मागं गेली आणि चिमणाबाईंच्या पलंगाशी पोचली. मोजा निघेना, बोटाला चिकटला होता. बूट अर्धा इंच आखूड होता. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट सोलून निघालं होतं, आणि चिमणाबाई पाच दिवस त्यावर घरभर फिरत होत्या.

जखम भरायला चार महिने लागले. डॉक्टरीणबाईंनी विश्वजितला विचारलं, कागद वाचला होता का? विश्वजित म्हणाला, मॅडम, बूट तर महागातला होता. पुन्हा अशी जखम झाली तर बोट ठेवता येणार नाही, एवढंच त्यांनी सांगितलं.

आणि मग विश्वजितनं तो निर्णय दिला, जो चिमणाबाईंना दोन वर्षांपासून दिसत होता. आईनं आता घराबाहेर पडायचं नाही. उचगावला मी रविवारी गाडीनं नेईन. चार महिन्यांत सतरा रविवार आले. त्यातले पंधरा लग्नात, वास्तुशांतीत, मित्राच्या फार्महाऊसवर गेले. दोनदा त्यानं नेलं, तेव्हा आक्काच्या दारात गाडी चालू ठेवून, आटप म्हणून हॉर्न वाजवला. तेलाची बाटली पिशवीतून निघालीच नाही.

या काळात समाचाराला येणारे काही कमी नव्हते. एकीनं सांगितलं, पायाला मेंदी लावा. एकानं सांगितलं, पहाटे दवात चाला. ज्याला फरशीवर चालता येत नाही त्याला गवतात चालायला सांगणारा हा कुठला वैद्य कोण जाणे. आकाराम तर रोज संध्याकाळी येत. पूर्वी हंबीरराव असेच वाजत यायचे. चिमणाबाई नवीन सून होत्या तेव्हा त्या आवाजासरशी चुलीपुढं सावरून बसायच्या, आणि पुढं पुढं तर नुसत्या आवाजावरून ओळखायच्या की आज म्हैस विकली गेली की कुणाशी भांडण झालं. पुरुषानं वाजत यायचं आणि बाईनं ऐकून सावध व्हायचं, अशी ती रीत. बाईची चप्पल कधी वाजली नाही. वाजली असती तर पुरुषांना सावध व्हावं लागलं असतं.

एका संध्याकाळी चिमणाबाई पाय उशीवर ठेवून पडल्या होत्या. आकाराम कोपऱ्यावर वळले तेव्हापासूनच त्यांना ऐकू यायला लागलं. उजवी स्वच्छ 'कर्र' वाजत होती. डावी 'कर्र' म्हणायच्या आधी 'खस्स' करत होती. ते आत येऊन बसले, तेव्हा चिमणाबाईंनी त्यांना डाव्या चपलेचा पट्टा बघायला सांगितलं. ढिला झाला असणार. आकारामनी चप्पल उचलून उलटीपालटी केली. पट्टा लोखंडासारखा घट्ट होता. ते हसून म्हणाले की वैनींचे पाय गेले, आता कानही निघाले.

ते गेल्यावर चिमणाबाई तशाच पडून राहिल्या. त्यांना डॉक्टरीणबाईंचं कडं आठवलं. दुसऱ्याचं पाऊल कसं पडतंय ते त्यांना भिंतीपलीकडून समजत होतं. मग स्वतःचं का समजू नये?

दुसऱ्या दिवशी क्रांती बँकेत आणि विश्वजित त्याच्या त्या कधी न संपणाऱ्या साईटवर गेल्यावर, पायाला पट्टी बांधून, चिमणाबाईंनी रिक्षा बोलावली आणि सुभाषनगर गाठलं. तिथं पारूबाई राहायची. हंबीररावांच्या चपला वर्षानुवर्षं तिच्याच घरात व्हायच्या. तळ तिचा नवरा करायचा, वेणी ही गुंफायची. आता नवरा नव्हता. मुलगा गणपती चामडं कापायचा आणि पारूबाई, सत्तरीची, चष्म्याला दोरी बांधून अजून आरी चालवत होती.

पारूबाईनं पट्टी सोडायला लावली, पाय मांडीवर घेतला, आणि कुठल्या गाढवानं हे केलं असं विचारलं. चिमणाबाईंनी सगळं सांगितलं. पारूबाई म्हणाली, चावतंय काय म्हणून मेलेल्या पायाला कोण विचारतं? आणि ती उठून आत गेली, माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीतून मऊ काळ्या रबराचा एक जाड तुकडा घेऊन आली.

"ह्यो रबर वळखीचा हाय?" तिनं विचारलं. "माझा सासरा म्हारोग्यांच्या दवाखान्यासाठनं चपला करायचा, ह्येच्याच. त्यास्नी बी असंच, पायाला कळायचं न्हाय. म्हातारा सांगायचा, पायाला इचारू नगं, कागदाला इचार. पर त्यो तिकडं चपला देतोय म्हटल्यावर गावानं आमच्या हातची चप्पल घ्यायची सोडली. तुमच्या घरानं बी दोन वर्सं सोडलीती, वैनी."

चिमणाबाईंची आठवण दांडगी होती, आणि तिचा असाही उपयोग होता. पंच्याहत्तर साल. हंबीरराव नवी चप्पल सांगायला निघाले होते आणि चिमणाबाईंनीच दारातून सांगितलं होतं, त्या घरची आता नको, लेकरं हायत घरात. चामडं धुऊन घेता येतं, माणसाला विचारून बघता येतं, एवढंही त्यांच्या चोवीस वर्षांच्या डोक्यात आलं नव्हतं. पारूबाईला हे ठाऊक होतं की नाही, हे त्यांनी विचारलं नाही.

"माझंच सांगणं हुतं त्ये," त्या म्हणाल्या.

पारूबाईनं चष्म्यावरून बघितलं. मग ती म्हणाली, संध्याकाळी या, आत्ता माप घेत न्हाय. आणि पुन्हा चामडं कापायच्या रापीला धार लावायला बसली.

चिमणाबाई संध्याकाळपर्यंत तिथंच बसून राहिल्या. पाच वाजता पारूबाईनं जुनं वर्तमानपत्र जमिनीवर अंथरलं, त्यावर त्यांना दोन्ही पायांवर सरळ उभं केलं आणि पेन्सिल उभी धरून पायाभोवती रेघ काढली. बोटांपुढं अंगठ्याएवढी जागा सोडली. रेघेवरून कागद कापला. चप्पल झाली की हा कागद आत ठेवायचा. कुठं दुमडला, कुठं उचलला तर चप्पल चुकली. सोपं होतं. शोरूममधल्या काचेच्या दिव्यांखाली एवढं कुणाला सुचलं नव्हतं. अंगठ्यात अडकवायचं काही नको, बोटं घासतात. वर दोन रुंद पट्टे, टाचेला मागून पट्टा, पायाखाली काळा रबर.

मग चिमणाबाईंनी मुख्य गोष्ट काढली. "खालच्या तळात इंचू घाल," त्या म्हणाल्या.

विंचू म्हणजे एका झाडाच्या वाळलेल्या बिया. चपलेच्या तळाच्या दोन थरांत त्या घातल्या की पाऊल पडताना चामडं करकरतं. आकारामांची सगळी प्रतिष्ठा त्या बियांवर उभी होती.

पारूबाईनं आरी खाली ठेवली. पन्नास वर्षांत बाईच्या चपलेत विंचू घातला नव्हता तिनं. तिनं विचारलं, चप्पल पडल्याचं कळावं म्हणून म्हणत असाल, तर टाचेला पट्टा असल्यावर ती पडेल कशाला?

"पडायसाठनं न्हाय गं. माझा पाय टेकला का न्हाय, त्येच मला कळत न्हाय. वाजलं की कळंल."

पारूबाईनं बियांचा डबा पुढं ओढला. गणपती तिकडून हसत म्हणाला की लोक म्हातारीला पाटील म्हणतील. त्यावर त्याच्या आईनं त्याला सांगितलं की तू चामडं काप, तोंड नको कापू.

पहिला जोड पंधरा दिवसांत झाला आणि चिमणाबाईंनी तो परत केला. कागद आत नीट बसला होता, पण दोन्ही पाय एकसारखेच वाजत होते; कुठला टेकला हे समजेना. पारूबाईनं शिव्या घालत तळ उसवले. उजवीत पाच बिया ठेवल्या, डावीत तीन. आता उजवी जाड आवाजात बोलायची, डावी बारीक. चिमणाबाई तिच्या पडवीत वीस-पंचवीस चकरा मारत राहिल्या, डोळे मिटून. उजवी, डावी, उजवी, डावी. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांना आपण चालतोय असं वाटलं.

घरात मात्र हाहाकार उडाला. क्रांतीला आठवड्यावर आलेला बँकेतल्या मैत्रिणींचा हळदीकुंकवाचा कार्यक्रम दिसायला लागला. आत्ती, तेवढ्यापुरती काढून ठेवाल का, असं तिनं विचारलं, आणि विचारून झाल्यावर तिचं तिलाच बरं वाटलं नाही. विश्वजितनं विचारलं, लोक काय म्हणतील? महागाचा बूट दिलेला मुलगा तो. आता आई रबराच्या, वाजणाऱ्या चपलेत फिरणार. आकाराम तर कट्ट्यावरून उठून घरी आले. खुर्ची ओढून ते म्हणाले, "वैनी, दादांच्या माघारी घरात बाईमाणसानं करकर करत फिरायचं? आमी अजून जित्तं हाय की."

चिमणाबाई पायातली चप्पल न काढता त्यांच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"भाऊजी, चार म्हयनं मी तुमची चप्पल ऐकतोय. डावा पाय घासत येतोय तुमचा. पट्टा चांगला हाय म्हंजे पाय वाईट हाय. साखर तुमास्नी बी हाय. कट्ट्यावर बसायचं सोडा न् डॉक्टरला दाखवा जावा."

आकाराम उठले. आपल्या घराण्यात कुणाचा पाय वाईट झालेला नाही, असं त्यांनी सांगितलं, आणि ते निघाले. कर्र, खस्स. कर्र, खस्स. कोपऱ्यापर्यंत ऐकू येत होतं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा ते विश्वजितलाही ऐकू आलं. त्यानं आईकडं बघितलं. मग तो म्हणाला, उचगावला एकदा जाऊन ये. संध्याकाळी मी स्वतः पाय बघणार. एक ओरखडा दिसला तर पुन्हा विषय काढायचा नाही.

दसरा झाल्यावरच्या पहिल्या बुधवारी चिमणाबाई निघाल्या. तेलाची बाटली पिशवीत. निघण्याआधी चपलेच्या आत हात फिरवला. गल्लीतल्या बायका दारात आल्या, कारण त्यांना वाटलं आकाराम आले. कट्ट्यावरची माणसं हसली. चिमणाबाईंनी त्यांच्याकडं बघितलंही नाही. बघायला डोळे मोकळे होते, पण कान कामात होते.

बसच्या पायरीवर उजवी वाजली, डावी वाजली नाही. मागची माणसं ढकलत होती, कंडक्टर "आज्जी, चला की लवकर" म्हणून ओरडत होता. चिमणाबाई दांड्याला धरून थांबल्या. खाली बघितलं तर डावा पाय पायरीच्या कडेला नुसता टेकून होता, निम्मा हवेत. त्यांनी तो उचलून नीट ठेवला. बारीक 'कर्र' आलं, मग त्या वर चढल्या. कंडक्टरला काय ओरडायचं ते त्यानं ओरडून घेतलं.

उचगावात उतरून आक्काच्या गल्लीत वळल्या आणि उजव्या पावलाला एक नवाच आवाज आला. कर्र-टक्. दोन पावलं, पुन्हा टक्. चिमणाबाई एका घराच्या पायरीवर बसल्या, पट्टा सोडला, चप्पल उलटी केली. तळात पत्र्याचा खिळा घुसला होता. डोकं बाहेर, टोक आत. त्यांनी आत बोट घातलं. टोक रबरापर्यंत आलं होतं, वर आलं नव्हतं. आणखी पन्नास पावलांत आलं असतं. पायाला विचारत बसल्या असत्या तर तो 'न्हाय' म्हणाला असता, नेहमीसारखा. त्यांनी दगडानं हलवून खिळा काढला, विश्वजितला दाखवायला पदराला बांधला आणि चालायला लागल्या.

आक्का पडवीत खाटेवर बसली होती. तिनं मान वर केली. "कोण त्यो? आकाराम आला व्हय?"

"मी हाय आक्का."

"तू कवापासनं पाटील झालीस गं?" आणि आक्का इतकी हसली की तिला ठसका लागला.

चिमणाबाई उंबऱ्याशी थांबल्या. घरात अनवाणी जायचं नव्हतं आणि चप्पल घालून आत जायची रीत नव्हती. आक्काला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, काढू नको, वाजू दे. तू कुठं आहेस ते मला कळतंय. मग तिनं त्यांना तेलाची वाटी आणायला आत पाठवलं, मग पाणी आणायला, मग उगीचच खिडकी लावायला. चिमणाबाई घरभर वाजत फिरल्या आणि आक्का आवाजामागं आपला चेहरा वळवत राहिली. नंतर तेल लावताना दोघींनी जो चुलता त्यांना लावणीत सगळ्यात खोल वाफा द्यायचा त्याची साग्रसंगीत निंदा केली. त्याला मरून चाळीस वर्षं झाली होती.

संध्याकाळी विश्वजितनं मोबाईलच्या उजेडात तळवे बघितले, क्रांतीनं खालून आरसा धरला. काही नव्हतं. चिमणाबाईंनी पदराची गाठ सोडून खिळा त्याच्या हातावर ठेवला. त्या दिवशी त्यानं ग्रुपवर काही टाकलं नाही.

पुढं आकारामांना २०२३च्या उन्हाळ्यात डाव्या पायाची दोन बोटं गमवावी लागली. त्यांनी सगळ्यांना मोटारसायकलचा अपघात झाल्याचं सांगितलं. ते अजून कट्ट्यावर बसतात. पायात काळ्या रबराची, मागं पट्टा असलेली चप्पल असते आणि ती पुण्याहून मागवली आहे असं त्यांचं म्हणणं आहे. शिवण बघितली की कुणीही सांगेल ती सुभाषनगरची आहे, पण चिमणाबाईंनी ते कधी बोलून दाखवलं नाही. ऐकून घेणारा माणूस असता तर बोलल्या असत्या.

पारूबाईकडं आता दूरदूरची माणसं पाय मापून घ्यायला येतात. बिया मात्र फार थोडे मागतात. बायका तर मागतच नाहीत. गणपतीनं दारावर पाटी लावली आहे, तिच्यावर आईचं नाव नाही, त्याचं आहे. विश्वजित बदलला असं म्हणायला वाव नाही. पण डॉक्टरीणबाईंचा तो कागद क्रांतीनं गाडीच्या खणातून काढून फ्रिजवर चिकटवला, आणि आता शेजारच्या बायका त्याचा फोटो काढून नेतात. हळदीकुंकवाला क्रांती सासूला घेऊनच गेली होती. बायकांनी कान टवकारले. क्रांतीनं त्यांना पेढे वाटले.

आक्का २०२४च्या माघात गेली. दारात चपलांचा ढीग पडला होता. चिमणाबाई चप्पल घालून आत गेल्या. आक्काच्या सुनेच्या माहेरची कुणी एक म्हणाली, मढ्यापुढं वाहाण घालून येतात व्हय? चिमणाबाई थांबल्या नाहीत. खाटेपर्यंत सात पावलं होती. त्यांनी ती मोजून, वाजवून टाकली. उजवी, डावी. मग खाली बसल्या आणि आक्काच्या केसांना शेवटचं तेल लावलं.

चिमणाबाई आता पंचाहत्तरीच्या घरात आहेत. चपलेचा तिसरा जोड चालू आहे. बुधवारी त्या अजूनही बाहेर पडतात. कुठं जाता, असं कुणी विचारलं तर सांगत नाहीत.